रिव्हिजन बेरिॲट्रिक सर्जरीचा क्लेम नाकारला? आधी कलम वाचा, मग कागद जोडा

लठ्ठपणाची, म्हणजे बेरिॲट्रिक, पहिली शस्त्रक्रिया होऊन काही वर्षं झालेली असतात. वजन हळूहळू परत चढतं. कधी वजन ठीक असतं, पण रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं आणि झोप मोडते. सर्जन दुसरी, म्हणजे रिव्हिजन शस्त्रक्रिया सुचवतात. नाशिक, पुणे, सुरत नाहीतर इंदूरच्या हॉस्पिटलातून कॅशलेसची विनंती जाते आणि दोन ओळींचं उत्तर येतं : 'लठ्ठपणावरील उपचार पॉलिसीत बसत नाहीत.' अमळनेर, शहादा किंवा शिरपूरहून तिथवर गेलेलं कुटुंब पिशवीत फाइल घालून परत येतं आणि पुष्कळदा प्रकरण तिथेच सोडून देतं.

ते सोडू नका. या नकाराला उत्तर देता येतं, मात्र ते विनंतीच्या भाषेत देऊन भागत नाही. 'आम्ही इतकी वर्षं हप्ते भरले' हे खरं असलं तरी त्यावर क्लेम मंजूर होत नाही. कंपनीने जे कलम लावलं असेल त्याच कलमाला, त्यातल्या शब्दाशब्दाला, कागदाने उत्तर द्यावं लागतं.

एक गोष्ट सगळ्यांत आधी. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर कधीही पोटात अचानक तीव्र कळ, थांबत नसलेली उलटी, रक्ताची उलटी, काळी शौच, पाणीही खाली न उतरणं, किंवा सतत उलट्या होऊन चालताना तोल जाणं आणि एकाचं दोन दिसणं यांपैकी काही झालं तर विम्याची वाट पाहू नका. जठराच्या बायपासनंतर आतडं अडकणं, व्रण फुटणं, थायामिन (जीवनसत्त्व बी१) कमी पडून मेंदूला इजा होणं ही तातडीची प्रकरणं आहेत. जवळच्या हॉस्पिटलात दाखल व्हा आणि कंपनीला २४ तासांत कळवा. असं दाखल झाल्यावरचा क्लेम तातडीच्या उपचाराचा असतो. फॉर्मवरही तसंच लिहिलं आहे का, ते पाहून घ्या.

नकार नक्की कशाला आहे?

कॅशलेस नाकारणं वेगळं आणि क्लेम नाकारणं वेगळं. कॅशलेसला नाही म्हटलं म्हणजे कंपनीने आगाऊ हमी दिली नाही, एवढंच. उपचार स्वतःच्या खर्चाने करून नंतर बिलं सादर करायचा, म्हणजे रीइम्बर्समेंटचा, मार्ग उघडाच असतो. हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर 'रिजेक्ट झालं' असं तोंडी सांगतात. त्यावर थांबू नका, लेखी पत्र मागा.

विमा नियामक आयआरडीएआयचं २९ मे २०२४ चं आरोग्य विम्याचं मास्टर सर्क्युलर इथे तुमच्या कामाचं आहे. कॅशलेस विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा, असं त्यात आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी घेतल्याशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि नाकारताना पॉलिसीच्या कोणत्या अटीवरून नाकारला ते पत्रात लिहावं लागतं. 'नॉट पेएबल' एवढाच मेसेज आला असेल तर त्याच दिवशी ईमेल करून तीन गोष्टी मागा : कलमाचा क्रमांक आणि त्याचे शब्द, ज्या वैद्यकीय मतावर निर्णय घेतला त्याची प्रत, आणि कमिटीच्या मंजुरीची तारीख. यातून पुढच्या लढाईची चौकट ठरते. सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स (२०१९) या निकालात म्हटलं आहे, की नकाराच्या पत्रात जे कारण नव्हतं ते विमा कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. म्हणून कारण लेखी येऊ द्या.

कलम ०६ : लठ्ठपणा आणि वजन नियंत्रण

बहुतेक नकार या कलमावर येतात. आयआरडीएआयने सप्टेंबर २०१९ मध्ये वगळलेल्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी सारखी केली. त्यात लठ्ठपणाचं कलम 'एक्सक्लुजन कोड ०६' म्हणून येतं. ते नीट वाचा. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया सरसकट वगळली आहे असं त्यात म्हटलेलं नाही. *पुढच्या सगळ्या अटी पूर्ण न करणारी* शस्त्रक्रिया वगळली आहे :

१. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने असावी.
२. तिला वैद्यकीय प्रोटोकॉलचा आधार असावा.
३. रुग्णाचं वय १८ किंवा जास्त असावं.
४. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त असावा. नाहीतर तो ३५ किंवा जास्त असून, कमी त्रासाचे उपाय फसल्यानंतर, पुढच्या चारपैकी एक गंभीर आजार असावा : लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, गंभीर स्लीप ॲप्निया, किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह.

म्हणजे अटी पूर्ण होत असतील तर हे कलम तुम्हाला लागूच होत नाही. पॉलिसीत बेरिॲट्रिकसाठी वेगळा लाभ किंवा वेगळी मर्यादा असेल तर ती याच्या जोडीला वाचायची.

आता लोक कुठे चुकतात ते पाहू. अर्जात ब्लडप्रेशर, गुडघेदुखी, थायरॉइड, पीसीओडी, फॅटी लिव्हर असं सगळं लिहिलेलं असतं. आजार खरे असतात, पण चारच्या यादीत त्यांतला एकही नसतो. घोरणं लिहिलेलं असतं, पण स्लीप स्टडी केलेली नसते. बीएमआय ३५ ते ४० मध्ये असेल तर चारपैकी एक आजार तपासणीच्या रिपोर्टने सिद्ध करणं, हेच खरं काम. स्लीप ॲप्नियासाठी रात्रभराच्या स्लीप स्टडीत तासाला ३० किंवा जास्त वेळा श्वास अडखळल्याची नोंद असली की तो 'सिव्हिअर' धरतात. रिपोर्टच्या निष्कर्षात हा शब्द उमटला आहे का ते पाहा. मधुमेहासाठी एकच एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) पुरत नाही. मागच्या वर्षभराचे तीन-चार रिपोर्ट आणि त्या-त्या वेळी चालू असलेल्या गोळ्या किंवा इन्सुलिनचं प्रिस्क्रिप्शन तारखेने लावा. औषधं चालू असूनही साखर आटोक्यात आली नाही, हे त्या क्रमातून दिसलं पाहिजे. हृदयासाठी टूडी एको किंवा अँजिओग्राफीचा रिपोर्ट.

'कमी त्रासाचे उपाय फसल्यानंतर' हे शब्द बीएमआय ३५ च्या वाटेला जोडलेले आहेत. उपाय किती महिने केलेले असावेत, हे प्रमाणित कलमात नाही. कंपनी 'सहा महिन्यांचा डाएट रेकॉर्ड' मागत असेल तर तो आकडा तुमच्या पॉलिसीत कुठे छापला आहे ते विचारा. तरीही रेकॉर्ड असलेला बराच. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर वजन चढू लागल्यापासूनच्या आहारतज्ज्ञांच्या भेटी, व्यायामाचा सल्ला, वजन उतरवणारी सेमाग्लुटाइड किंवा तिर्झेपाटाइडची इंजेक्शनं घेतली असतील तर त्यांची बिलं, हे सगळं उपयोगी पडतं. आहाराची वही खरी लिहा. बाजरीची भाकरी किती, भरीत किती, दुपारच्या चहाबरोबर काय, लग्नसराईत काय झालं, सगळं. रोज वाटीभर मूग खाल्ल्याची कोरीकरकरीत वही पाहिली की तपासणाऱ्याला शंका येते.

दोन सेंटिमीटरने क्लेम जातो

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १५८ सेमी आणि वजन ८८ किलो असेल तर १.५८ × १.५८ = २.४९६, म्हणून बीएमआय ३५.३. याच बाईंची उंची ओपीडीत चप्पल न काढता १६० सेमी लिहिली गेली, तर बीएमआय ३४.४ येतो आणि क्लेम कलमाच्या अटींत बसत नाही. घाईच्या ओपीडीत ही चूक सहज होते, आणि नंतर एका फाइलमध्ये १५८, १५९ आणि १६० अशा तीन उंच्या दिसल्या की कंपनी तिला सोयीची तीच धरते.

दुसरा खड्डा लिक्विड डाएटचा. शस्त्रक्रियेआधी यकृत आकसावं म्हणून एक-दोन आठवडे कमी उष्मांकाचा द्रव आहार देतात. त्यात तीन किलो उतरले की वरच्याच बाईंचं वजन ८५ किलो होतं आणि बीएमआय ३४.१. दाखल होण्याच्या दिवशीचा हा आकडा प्री-ऑथ फॉर्ममध्ये (कॅशलेसच्या आगाऊ मंजुरीच्या अर्जात) गेला तर नकार ठरलेला. म्हणून द्रव आहार सुरू होण्याआधीचं वजन आणि उंची तारखेसह, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याने लिहून घ्या, आणि फॉर्ममध्ये दोन्ही वजनं कारणासह लिहायला सांगा.

यासाठी गावाजवळच एक चांगली सोय आहे. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव आणि नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं इथल्या ओपीडीचा केस पेपर काढून त्यावर अनवाणी मोजलेली उंची आणि वजन नोंदवून घ्या. शस्त्रक्रिया करणाऱ्या हॉस्पिटलशी संबंध नसलेली सरकारी नोंद खोडून काढणं कंपनीला जड जातं. दोन महिन्यांच्या अंतराने अशा दोन नोंदी असतील तर आणखी उत्तम.

शस्त्रक्रिया वजनासाठी की गुंतागुंतीसाठी?

रिव्हिजनच्या क्लेमचं सगळं मर्म या प्रश्नात आहे. टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेमचे कागद हाताळणाऱ्या संस्थेच्या) टेबलावर 'बेरिॲट्रिक' हा शब्द दिसला की फाइल थेट कलम ०६ मध्ये टाकतात. पण रिव्हिजन दोन अगदी वेगळ्या कारणांनी होते.

पहिलं कारण म्हणजे वजन परत चढणं किंवा पुरेसं न उतरणं. ही लठ्ठपणाचीच शस्त्रक्रिया आहे. तिथे कलम ०६ च्या अटी *आजच्या* बीएमआयवर दाखवाव्या लागतात. पहिल्या वेळी बीएमआय ४६ होता हे इतिहास म्हणून लिहा, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

दुसरं कारण गुंतागुंतीचं. स्लीव्हनंतर (जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळी ठेवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर) ॲसिड वर येण्याचा तीव्र त्रास, अन्ननलिकेला झालेल्या जखमा, स्लीव्हची नळी अरुंद होणं किंवा पिळली जाणं, जठराभोवती बसवलेला बँड सरकणं किंवा जठरात रुतणं, बायपासनंतर जोडावर व्रण, जठराच्या दोन भागांत परत वाट तयार होणं, प्रमाणाबाहेर कुपोषण. इथे शस्त्रक्रिया वजनासाठी नसते. स्लीव्हनंतरच्या न आटोपणाऱ्या ॲसिडसाठी रू-एन-वाय बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं) करतात, तेव्हा ती जठर-अन्ननलिकेच्या आजारावरची शस्त्रक्रिया असते. बीएमआय ३१ असला तरी ती गरजेची असू शकते, आणि तिला बीएमआयची अट लावणं चूक आहे.

पण हे कागदावर दिसलं पाहिजे. प्री-ऑथ फॉर्ममध्ये निदानाच्या रकान्यात पहिला कोड ई६६, म्हणजे लठ्ठपणा, असेल आणि के२१, म्हणजे ॲसिड रिफ्लक्स, खाली कुठेतरी असेल तर तुम्हीच कंपनीला उत्तर लिहून दिल्यासारखं होतं. फॉर्म जाण्याआधी सर्जनशी बोला आणि *वैद्यकीयदृष्ट्या जे मुख्य कारण आहे* ते पहिलं लिहायची विनंती करा. हे फक्त खरं असेल तेव्हाच. वजन चढलं म्हणून होणाऱ्या शस्त्रक्रियेला रिफ्लक्सचं नाव देणं ही फसवणूक आहे. जुन्या ओपीडी पेपरमधून ती उघडी पडते आणि मग क्लेमबरोबर पॉलिसीही जाते.

गुंतागुंतीच्या वाटेला लागणारे पुरावे असे. दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, फोटोंसह. अन्ननलिकेच्या जखमांची श्रेणी लॉस एंजेलिस ए ते डी अशी लिहितात, त्यांतल्या सी आणि डी गंभीर. तुकडा तपासला असेल तर बायोप्सीचा रिपोर्ट. नळी अरुंद किंवा पिळलेली असल्याचा संशय असेल तर बेरियमचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन. लागल्यास अन्ननलिकेत ॲसिड किती येतं ते मोजणारी २४ तासांची पीएच तपासणी. आणि औषधांचा हिशेब : कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती महिने, आणि तरी काय राहिलं. हा शेवटचा कागद लोक विसरतात. कंपनीचा डॉक्टर 'गोळ्यांनी भागलं असतं' असं लिहितो, ते हा कागद नसल्यामुळेच.

कंपनी एक वेगळा मुद्दाही काढते : मूळ शस्त्रक्रिया वगळलेली होती, म्हणून तिची गुंतागुंतही वगळलेली. तेव्हा पॉलिसीत 'वगळलेल्या उपचारातून उद्भवणारी गुंतागुंत' असे शब्द खरोखर छापले आहेत का ते शोधा. नसतील तर कलम ०६ लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेपुरतंच बोलतं, असं लेखी मांडा. वगळण्याचं कलम लागू होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची असते आणि शब्द संदिग्ध असले तर अर्थ विमाधारकाच्या बाजूने लावतात, हे विम्याच्या कायद्यातलं रुळलेलं तत्त्व आहे.

नकाराची बाकीची कारणं

*प्रतीक्षा काळ.* आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ १ एप्रिल २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने आहे. तो पहिल्या पॉलिसीच्या तारखेपासून मोजतात. पॉलिसी पोर्ट करून दुसऱ्या कंपनीत गेला असाल तर जुन्या कंपनीतली वर्षंही धरली जातात. जुन्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसीचं पहिलं पान जोडा, मध्ये खंड नाही हे दाखवा. काळ खरोखरच संपला नसेल आणि प्रकृतीला थांबणं चालणार असेल तर सर्जनना विचारून थांबणं हाच स्वच्छ मार्ग.

*माहिती लपवली.* प्रपोझल फॉर्म एजंटने भरला, 'पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का' या रकान्यात 'नाही' लिहिलं गेलं आणि सही तुमची. हे आपल्याकडे फार होतं. फॉर्मची प्रत कंपनीकडून मागून घ्या आणि नक्की कोणता प्रश्न विचारला होता ते वाचा. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर मोरॅटोरियम लागतो : त्यानंतर माहिती न दिल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी हा काळ आठ वर्षांचा होता, २०२४ मध्ये तो पाच वर्षांचा झाला; जुनं पॉलिसीचं पुस्तक पाहून निराश होऊ नका. मात्र मोरॅटोरियममुळे कलम ०६ सारखी कायमची वगळणूक पुसली जात नाही. तिचं उत्तर वेगळं द्यावं लागतं.

*वैद्यकीय गरज नाही.* 'मेडिकली नेसेसरी' ची प्रमाणित व्याख्या प्रत्येक पॉलिसीत असते : उपचार आजारासाठी आवश्यक, गरजेपेक्षा जास्त नाही, डॉक्टरांनी सुचवलेला, आणि भारतात किंवा आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य पद्धतीला धरून. या चार कसोट्यांवर सर्जनचं पत्र हवं. वैद्यकीय आधार म्हणून अमेरिकन सोसायटी फॉर मेटाबॉलिक अँड बेरिॲट्रिक सर्जरी आणि आंतरराष्ट्रीय संघटना इफ्सो यांची २०२२ ची संयुक्त मार्गदर्शक तत्त्वं जोडता येतात. ३५ आणि त्यावरच्या बीएमआयला इतर आजार नसले तरी ती शस्त्रक्रियेची शिफारस करतात. आशियाई लोकांसाठी उंबरा २७.५ धरतात. रिव्हिजनलाही त्यांत जागा आहे. पॉलिसीतले ३५-४० चे आकडे १९९१ च्या अमेरिकी शिफारशींपासून चालत आले आहेत. पण एक भान ठेवा : मार्गदर्शक तत्त्वांनी 'प्रोटोकॉलचा आधार' ही अट पूर्ण होते, पॉलिसीत छापलेला बीएमआय त्यांनी बदलत नाही.

*आयुष्यात एकदाच.* काही पॉलिसींत बेरिॲट्रिकचा लाभ एकदाच देण्याची अट असते. ती छापलेली असेल तर वजनाची वाट बंद आणि गुंतागुंतीची उघडी. छापलेली नसेल तर ती पत्रातून घालता येत नाही.

नोकरीतली गट पॉलिसी असेल तर तिच्या अटी वेगळ्या ठरवलेल्या असतात. एचआरकडून मूळ करारातलं बेरिॲट्रिकचं पान मागा. भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्यांचं प्रकरण रेल्वे हॉस्पिटलच्या रेफरलने चालतं, त्यांनी ही वाट धरू नये.

फाइल बांधताना

पहिल्या शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड आणि ओटी नोट्स (ऑपरेशनची लेखी नोंद) नसतील तर बाकी सगळं लंगडं पडतं. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार (२००२) दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपावे लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तीन वर्षांहून जुनं असेल आणि हॉस्पिटलने हात वर केले तर सर्जनची खासगी फाइल, ऑपरेशनची सीडी, काढलेल्या जठराचा पॅथॉलॉजी रिपोर्ट शोधा. तेही नसेल तर आजची एंडोस्कोपी आणि सीटी यांत पहिली शस्त्रक्रिया कोणती झाली हे स्पष्ट लिहून घ्या.

नावं जुळवून पाहा. माहेरचं नाव जुन्या कार्डावर, सासरचं पॉलिसीवर, आणि आधारवर तिसरंच, अशा फाइल अडकतात. राजपत्र, विवाह नोंदणीचा दाखला किंवा एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच लावा. वयही पाहा.

सर्जनचं पत्र लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, दीड ते दोन पानांचं असावं. क्रम असा : पहिली शस्त्रक्रिया केव्हा, कोणती, सर्वांत कमी झालेलं वजन आणि आजचं, सध्याची तक्रार आणि तपासण्या तारखांसह, काय-काय करून पाहिलं, आता नेमकी कोणती शस्त्रक्रिया आणि तीच का, न केल्यास काय धोका, आणि शेवटी नकाराच्या पत्रातल्या कारणाला थेट उत्तर. 'रुग्णास शस्त्रक्रियेची गरज आहे' एवढ्या एका ओळीचं पत्र कुणाच्याच उपयोगाचं नाही. सर्जनना वेळ नसतो हे खरं. म्हणून सगळ्या तारखा आणि आकडे एका कागदावर काढून त्यांच्यापुढे ठेवा.

कंपनीला पत्र

हे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला (जीआरओ) जातं, टीपीएला नाही. टीपीए फक्त कागद हाताळतो, नकाराची जबाबदारी विमा कंपनीची. ईमेल करा आणि एक प्रत पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. नमुना :

> विषय : क्लेम क्र. ____, पॉलिसी क्र. ____ : दि. ____ च्या नकाराविरुद्ध तक्रार
>
> आपण कलम ____ चा आधार घेऊन क्लेम नाकारला. त्या कलमाच्या अटी आणि त्यांची पूर्तता अशी :
> (१) डॉक्टरांचा सल्ला : सर्जनचं पत्र दि. ____ (जोड १).
> (२) प्रोटोकॉल : ____ (जोड २).
> (३) वय : ____ (जोड ३).
> (४) बीएमआय : उंची ____, वजन ____, मोजल्याची तारीख ____, बीएमआय ____ (जोड ४), सोबतचा आजार ____ (जोड ५), आधीचे उपाय ____ (जोड ६).
>
> अथवा : ही शस्त्रक्रिया लठ्ठपणावरील नसून ____ या गुंतागुंतीवरील आहे. पुरावा जोड ____. त्यामुळे हे कलम लागू होत नाही.
>
> निर्णय बदलून क्लेम मंजूर करावा. नकार कायम ठेवल्यास प्रत्येक अटीबाबत स्वतंत्र कारण, वैद्यकीय मताची प्रत आणि क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीची तारीख द्यावी.

सोबत बेरिॲट्रिकमधल्या दुसऱ्या स्वतंत्र सर्जनचं मत जोडता आलं तर जोडा. सरकारी विमा कंपनी असेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांत क्लेम फाइलवरचे शेरे मागता येतात. ते हातात आले की नकार कुणी आणि कशावरून दिला ते कळतं.

पुढच्या पायऱ्या

कंपनीला उत्तरासाठी दोन आठवडे असतात. दरम्यान आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे निकाल मिळत नाही, पण कंपनीत फाइल वरच्या टेबलावर जाते आणि तारखेची नोंद राहते.

खरी पायरी विमा लोकपालाची. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतात. शस्त्रक्रिया सुरत किंवा इंदूरला झाली असली तरी तुमच्या राहत्या पत्त्यावरून पुणेच. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी, आणि तिचं उत्तर समाधानकारक नसावं किंवा महिनाभर आलेलंच नसावं. त्यानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. फी नाही, वकील लागत नाही. दावा ५० लाखांपर्यंत चालतो. अर्ज ऑनलाइन होतो आणि सुनावणी व्हिडिओवर घेता येते, त्यामुळे तळोदा-अक्कलकुव्याहून पुण्याची खेप वाचते. सगळे कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा अपेक्षित असतो. तो कंपनीवर बंधनकारक आहे. ३० दिवसांत पाळला नाही तर कंपनीला तक्रारदाराला दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात.

हेच प्रकरण ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही. म्हणून आधी लोकपाल, नंतर लागलाच तर आयोग. जळगाव, धुळे आणि नंदुरबारला जिल्हा ग्राहक आयोग आहेत. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं तरी चालतं. हप्त्याची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षांची. ती नकाराच्या पहिल्या पत्राच्या तारखेपासून मोजा आणि लोकपालाकडे गेलेले महिने त्यातून वजा होतील असं धरून चालू नका. इथे वकील घेतलेला बरा, पण फाइल तुम्हीच बांधलेली असावी.

दरम्यान शस्त्रक्रिया करावी लागली तर

पैशांची सोय करून शस्त्रक्रिया करणार असाल तर दाखल होण्याआधी कंपनीला ईमेलने कळवा : 'कॅशलेस नाकारल्यामुळे स्वखर्चाने उपचार घेत आहे, क्लेमचा हक्क राखून ठेवला आहे.' बिलं सादर करायची मुदत पॉलिसीत पाहा. पुष्कळदा ती डिस्चार्जपासून १५ किंवा ३० दिवसांची असते आणि प्रवासात, पथ्यात ती सहज निघून जाते. मूळ कागद देण्याआधी प्रत्येक पानाचा स्कॅन ठेवा. या शस्त्रक्रियेत स्टेपलर (जठर कापून टाके घालणारं उपकरण) आणि त्याच्या कार्ट्रिजचा खर्च मोठा असतो. त्यांची स्टिकर्स आणि खरेदीचं बिल घेतल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका, नंतर ती मिळत नाहीत. ओटी नोट्समध्ये आत काय सापडलं ते सविस्तर हवं : हायटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणं) किती, नळी कुठे अरुंद, चिकटलेले भाग किती. आधी नाकारलेला क्लेम या एका पानाने फिरू शकतो, कारण इथे अंदाजाऐवजी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट लिहिलेली असते.

क्लेम मंजूर होऊन रक्कम कापून आली तर कपातीचा तक्ता मागा. खोलीचं भाडं मर्यादेपेक्षा जास्त होतं म्हणून त्या प्रमाणात बाकी खर्चही कापतात, पण औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, उपकरणं आणि तपासण्यांवर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही. कार्ट्रिजवर ती लावलेली दिसली तर त्याच जीआरओला, त्याच क्लेम क्रमांकावर, फक्त तेवढ्या रकमेसाठी स्वतंत्र पत्र पाठवा. सगळे पैसे उशिरा आले असतील तर त्या पत्रात बँक दराहून दोन टक्के जास्त व्याजही मागा.